मंजूर मॉडेल आणि गारळेवाडीचा वारा

सोमवारी सकाळी गारळेवाडीचा वारा तहसील कचेरीत सुनावणीला हजर झाला. शिपायाने टेबलावरच्या कागदांवर पेपरवेट ठेवले आणि त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली.

आरोप गंभीर होता. वाऱ्याने किती माती उचलावी आणि कुठे टाकावी, याचं मॉडेल निवृत्त प्राध्यापक डॉ. त्रिविक्रम खांबेटे यांनी बनवलं होतं. सरकारने ते मंजूरही केलं होतं. वारा मात्र मनाला येईल तसा वाहत होता, आणि वाडीचं शिवार दरसाल थोडं थोडं शेजारच्या तालुक्यात जात होतं.

"मॉडेलच चुकलं असेल," खांबेटे चाचरत म्हणाले. त्यांना स्वतःच्या सहीबद्दलही खात्री नसे.

"मंजूर झालंय, सर," तहसीलदार शेंडगेबाई म्हणाल्या. "आता कसं चुकेल?"

"तुमी कशापायी वाऱ्याची बाजू घेताय?" खांबेट्यांच्या शेजारी बसलेल्या वाडीच्या सरपंच हौसाबाई त्यांच्याकडे वळून पुटपुटल्या. "हितं भाकरीत माती येतीया आमच्या."

वारा उठला. पंखा आपोआप फिरला.

"मॉडेलप्रमाणे वाहायला माझी ना नाही, बाई. पण त्यात वाडीच नाही."

खांबेट्यांनी मॉडेलचे कागद उलटून पाहिले. खरंच होतं. गणित सुटावं म्हणून त्यांनी जमीन सपाट आणि मोकळी धरली होती. घरं, गोठे, माणसं, सगळं 'नगण्य' या एका शब्दात उरकलं होतं.

"घरं घालतो मी मॉडेलमध्ये," ते घाईने म्हणाले. "थोडा वेळ द्या. वाडी राहू दे."

"म्हणजे पुन्हा मंजुरी आली," शेंडगेबाईंनी सुस्कारा सोडला. "त्यापेक्षा घरं काढणं सोपं."

"आन् आमी?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुम्ही नगण्य आहात. सरांनीच लिहिलंय."

वाडी उठली. चौथरेसुद्धा उखडून जमीन सपाट केली. वाऱ्याने शब्द पाळला. मॉडेलबाहेर एक कण उचलला नाही. कचेरीत पेढे वाटले गेले आणि मोकळ्या माळावर खांबेट्यांचा सत्कार झाला.

मंडळी निघून गेली तरी ते शाल पांघरून तिथेच बसून राहिले. हौसाबाईंची चूल नेमकी कुठे होती, ते त्यांना आठवेना.

वारा अदबीने जवळ आला. "रागावू नका सर, पण मॉडेलमध्ये तुम्हीही नाही."

खांबेट्यांनी समीकरण मनातल्या मनात तपासलं. वाऱ्याचं बरोबर होतं. ते नारळ घेऊन उभे राहिले.

वाऱ्याने त्यांना अलगद उचललं आणि शेजारच्या तालुक्यात, एका नव्या छपरापुढे ठेवलं.

"या सर," आतून हौसाबाई म्हणाल्या. "बसा भुईवरच. माती आपलीच हाय, आधी आलीया."