धाकटा रोज कामाला येतो

ऑफिसच्या दाराने त्याचं कार्ड वाचलं, लाल दिवा लावला आणि ते बंदच राहिलं. दुपारी बढतीसाठी साहेबांना काम दाखवायचं होतं, म्हणून आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

वॉचमनने संगणकात पाहिलं. "तुम्ही इथे कामाला नाही."

"अहो, काल होतो."

"काल होता," वॉचमनने मान्य केलं.

टीममधली एकुलती सहकारी, ताई, आतून आली आणि तिने भानगड शोधून काढली. महिनाभर जो लॉगिन करणार नाही त्याचं खातं आपोआप बंद, हा नियम त्यानेच भांडून आणला होता. आणि सर्व्हर चालू करण्यापासून बॅकअप घेण्यापर्यंतचं सगळं स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रॅमच्या गळ्यात घालून तो वर्षभर नुसता चहा पीत होता; गेल्या महिन्यात तर त्याने एकदाही लॉगिन केलं नव्हतं. प्रोग्रॅमचं लाडाचं नाव धाकटा. शिस्त म्हणून धाकट्याला स्वतंत्र खातंही दिलेलं.

"धाकट्याचं खातं चालू आहे?" त्याने विचारलं.

"तो रोज येतो ना कामाला," ताई म्हणाली.

खातं परत उघडायला ताई तयार होती. पण कुठल्याही बदलाला टीममधल्या दुसऱ्या माणसाची मंजुरी लागे, हाही नियम त्याचाच. दुसरा माणूस म्हणजे तो. साहेबांनी मध्ये पडावं, तर त्यांची लुडबुड नको म्हणून त्यांचे अधिकार त्यानेच काढले होते, आणि त्याबद्दल साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

शेवटी वाट एकच उरली. नव्याने लागणाऱ्या माणसाचं खातं धाकटा आपणहून उघडतो. मग त्याने स्वतःच नवा माणूस म्हणून नाव नोंदवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो गळ्यात शिकाऊ उमेदवाराचा पट्टा घालून आत आला.

दुपारी साहेबांनी वर्षभराच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. सगळीकडे एकच नाव: धाकटा. त्याने सगळा प्रकार समजावून सांगितला. साहेबांनी नोंदी पुन्हा वर-खाली सरकवल्या.

"पटतंय हो. पण यात तुमचं काम कुठंय?"

बढती पुढे ढकलली गेली. तोवर शिकाऊ माणसाचं काम सर्वांत अनुभवी कर्मचाऱ्याने तपासायचं, असं ठरलं. हा एकच नियम त्याचा नव्हता. नोंदींनुसार सर्वांत अनुभवी होता धाकटा.

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच दाढी करताना दिसला, तेव्हा बायको दारातच थबकली.

"आज इतक्या लवकर?"

"लॉगिन करायचंय. धाकटा बघत असतो."

"त्याला एकदा जेवायला बोलाव," ती म्हणाली. "तुला वेळेवर उठवणारा पहिलाच माणूस भेटलाय."