निंबा नानांचा शहाणा फोन

आमच्या गल्लीत फोन एकच, निंबा नानांचा, आणि त्यावरून फोन करायला सक्त मनाई होती. आलेला फोन घ्या, हवं तितका वेळ बोला, पण नंबर लावायचा नाही. हा नियम नानांनी स्वतःलाही लावून घेतला होता. धुळ्याच्या भर उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभे राहायचे आणि तिथून आपल्याच ऑफिसला 'आज येत नाही' म्हणून कळवायचे.

मी शाळामास्तर. फोनसाठी अर्ज करून कंटाळलेला, त्यामुळे माझ्या सगळ्या पाहुण्यांकडे नानांचाच नंबर असायचा. माझा फोन आला की नाना चप्पल न घालता पळत यायचे. "मास्तर, तुमना फोन शे, लवकर चाला." म्हणजे माणूस चिक्कू नव्हता. तसा असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

फोन बटणांचा होता, भाच्याने सुरतेहून आणलेला. नानांनी बटणांवर बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठेवून ते सुतळीने करकचून बांधलं होतं. त्यांच्या मते जगात फोन दोन प्रकारचे, येडे आणि शहाणे. ऑफिसातला काळा, बोट घालून फिरवायचा, तो येडा. रिसीव्हर ठेवला की सगळं विसरतो. "पन हाऊ शायना शे," असं ते अगदी हळू सांगायचे, फोनने ऐकलं तर पंचाईत. "याले याद राहस, मास्तर. ज्याले याद राहस त्याले भ्यावं."

याद म्हणजे काय, तर कोपऱ्यात एक बटण होतं. ते दाबलं की शेवटी लावलेला नंबर फोन आपणहून पुन्हा लावायचा. तो नंबर कोणता हे दाखवायला त्याला काच वगैरे नव्हती. हल्ली खिशातल्या फोनला स्मार्ट म्हणवून घ्यायला कॅमेरा लागतो, नकाशा लागतो, आणखी काय काय लागतं. नानांची कसोटी एवढीच होती, याद राहते की नाही.

भ्यायचे मात्र ते मनापासून. वायर कुरतडेल म्हणून उंदराला भ्यायचे, संक्रांतीत पतंगाच्या मांज्याला भ्यायचे, आणि शिडी घेऊन फिरणाऱ्या लाइनमनला तर वाघासारखे भ्यायचे. लाइन तुटली की आतला नंबर पुसला जातो, असं भाच्याने त्यांना सांगून ठेवलं होतं. गटारासाठी रस्ता खोदायला माणसं आली तेव्हा नाना रजा टाकून, छत्री उघडून खड्ड्याच्या काठाशी खुर्चीत बसले. "हळू रे भाऊ, आठे वायर शे," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी एकाने कुदळ त्यांच्याच हातात दिली.

अक्का होती तेव्हा असं काही नव्हतं. अक्का म्हणजे नानांची बायको. ती असताना कुणीही यावं, फोन लावावा, वर चहा प्यावा. तिचं एकच दुखणं, भिंतीवरचं घड्याळ. ते रोज मागे पडायचं आणि ती ते रोज खिळ्यावरून उतरवून काटे सरकवत बसायची. एके दिवशी नाना ऑफिसातून आले तर अक्का फोनजवळच्या खुर्चीत बसल्या जागी गेलेली. आम्ही घराला कुलूप घालून तिला दवाखान्यात नेलं. पाहुण्यांना कळवलं तेही बूथवरून. दिवसपाणी आटोपेपर्यंत नानांनी फोनला कुणाला हात लावू दिला नाही, आणि मग झाकण बांधलं. नानांचं डोकं फिरलं, असं गल्लीने ठरवून टाकलं. त्यात मीही होतो.

मग गावात नवं टेलिफोन एक्स्चेंज आलं आणि जुन्या लाइनी तोडून तिकडे जोडायला सुरुवात झाली. एका दुपारी नाना माझ्या दारात उभे. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"मास्तर, जरा घर चाला. लाइनमन ई जायेल शे. आते लाइन तोडी टाकी."

"चार दिवसांनी जोडतील की परत."

"पन याद तं जाई ना त्यानी."

घरात गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "मी वनू तवय रिसीव्हर तिना मांडीवर व्हता," अक्का गेली त्या दिवसाचं ते सांगू लागले. "तिनी कोनले तरी फोन करा व्हता. कोनले, ते याले माहीत शे. माले नही."

"मग बटण दाबून पाहिलं का नाही, नाना?"

"भ्याव वाटस. मना ऑफिसले करा व्हई तं? मी तवय टपरीवर च्या पी राहिंतू. तिनी हाक मारी नि मी जागावर नही."

इतके महिने हा माणूस त्या यंत्राशेजारी जेवत होता, झोपत होता. बटण दाबायची छाती नाही आणि नंबर जाऊ द्यायचीही छाती नाही.

बाहेर खांबाला शिडी लागल्याचा आवाज झाला. नानांनी घाईघाईने सुतळी सोडली, बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. "तुम्ही दाबा," ते म्हणाले. मी रिसीव्हर कानाला लावून बटण दाबलं.

आत टकटक झाली, आणि तीन आकड्यांतच थांबली. गावातला कुठलाच साधा नंबर एवढा आखूड नव्हता. तीन आकडी म्हणजे पोलीस, बंब, नाहीतर दवाखान्याची गाडी. नानाही कान देऊन मोजत होते.

"तिनी गाडी बलाई," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.

पलीकडे घंटी वाजत होती. रिसीव्हर ठेवून द्यावा आणि काहीतरी खोटं सांगावं असं मला फार वाटलं. तेवढ्यात एक बाई बोलू लागली. तिला कसलीच घाई नव्हती. टेलिफोन खात्याची टेप होती ती, वेळ सांगणारी. किती वाजून किती मिनिटं झाली, एवढंच, पुन्हा पुन्हा.

मी रिसीव्हर नानांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"घड्याळ त्या दिवशी टेबलवर व्हतं, मास्तर," ते म्हणाले. "मीच ते परत टांगं. माले सुचनंच नही."

मग घड्याळाकडे बघतच म्हणाले, "मना येवाना टाइम दखी राहिंती ती. मनी वाट दखी राहिंती." आणि तोंडाला रुमाल लावून रडले.

लाइन तुटली तेव्हा नाना स्वतः शिडी धरून उभे होते. नवी लाइन आली, सुतळी गेली, गल्ली पुन्हा नंबर लावू लागली. पुढे नाना निवृत्त झाले. पण ऑफिस सुटायच्या वेळेला ते फोनजवळ यायचेच. शहाण्या बटणाला हात न लावता तीन आकडे एकेक करून दाबायचे, त्या बाईचं ऐकून घड्याळाचे काटे सरकवायचे, घड्याळ खिळ्याला टांगायचे. आणि मग अक्काच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसायचे.