बगळेसरांचा दुसरा पाय

एका जंगलात वाघ नव्हता, म्हणून तिथं फुटबॉल होता. वाघ असला की सगळे तसेही पळतात पोरांनो, त्यांना चेंडू लागत नाही.

चेंडू आला तो ओढ्याच्या पुरातनं. लाल-पांढरा, रबरी. कुणा गावातल्या पोराच्या हातून सुटलेला असणार. आधी सगळ्यांना वाटलं, अंडं आहे. आळीपाळीनं उबवून बघितलं. पिल्लू काही निघेना. शेवटी एका रानडुकरानं वैतागून त्याला मुस्काटानं ढोसलं, तसं ते टणकन उडालं. तेव्हा कुठं कळलं, की हे काम वेगळं आहे.

त्या रानडुकराचं नाव भुंड्या. शेपूट लहानपणीच तुटलेलं, म्हणून भुंड्या. मान त्याची वळायची नाही. बघायचा ते समोर, पळायचा ते समोर, आणि मधे जे येईल त्यानं आपलं आपण बघून घ्यायचं.

ओढ्याकाठच्या जनावरांनी संघ केला. शिकवायला कासवतात्या. तात्यांचं शास्त्र फार मोठं नव्हतं.

"चेंडू भुंड्याला द्या," तात्या म्हणायचे, "आणि वाटेतनं सरका."

एवढंच. बरीच वर्षं एवढ्यावर गोल होत राहिले.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला टेकडीच्या वानरांशी सामना असायचा. जिंकेल त्याला डोह. बरोबरी झाली तर आधी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहायचा. डोहाचं पाणी सगळ्यांना मिळायचं, पण काठाचा चिखल मात्र फक्त जिंकलेल्या संघातल्यांच्या घरच्यांना. आता तुम्हाला चिखल म्हणजे आईचे दोन धपाटे. डुकराला चिखल म्हणजे पलंग, पंखा आणि औषध. भुंड्याची बायको सावळी उन्हाळाभर त्या चिखलात पिल्लं घेऊन लोळायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "आमच्या ह्यांच्या जिवावर हाय हो सगळं."

मग काय झालं, गेल्या वर्षी वानरं शहाणी झाली. भुंड्या चौखूर आला तशी ती हळूच बाजूला सरकली. गोल होता जरा डावीकडे. भुंड्याची मान तर वळत नाही. तो सरळ गेला, चेंडूसकट करवंदीच्या जाळीत. डोह वानरांचा झाला. वानरांना चिखलाचं काय काम? पण त्यांनी तो राखला. दुसऱ्याला हवी असलेली वस्तू राखण्यात एक वेगळंच सुख असतं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

तो उन्हाळा सावळीनं पिल्लांना घेऊन तापलेल्या दगडगोट्यांवर काढला. पिल्लांच्या पाठी भेगाळल्या. सावळी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भुंड्याला बरं वाटलं असतं.

संघाचे अध्यक्ष होते साळिंदरराव. ते स्वतः कधी खेळले नव्हते. कारण सोपं आहे, त्यांच्या अंगाला लागला की चेंडू फुटणार. आणि ज्याच्यापासून चेंडू लांब ठेवायचा असतो, त्याला अध्यक्ष करतात.

साळिंदरराव काटे फुलवून म्हणाले, "आक्रमण बदललं पाहिजे. मार्गदर्शक बदला. खेळाडू बदला. बदल दिसला पाहिजे!"

तात्यांच्या गळ्यात निरोपाचा हार पडला. तात्या समजूतदार. त्याच पावली निघाले. मैदानाची हद्द समोरच्या पिंपळापाशी होती. तात्या त्या दिशेनं चालू लागले.

माळावरून टिपकी नावाची हरिणी आणली. आली ती झाडाच्या सावलीसारखी, कधी इथं तर कधी तिथं. आणि लांबच्या तळ्यावरून आले बगळेसर. पांढरेशुभ्र, लांब मानेचे, एका पायावर उभे. बगळेसर कुठं हरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कुठं खेळल्याचंही पाहिलं नव्हतं, पण ते कुणी विचारलं नाही.

सरांनी डोळे मिटले आणि बोलले, "चेंडूमागं धावायचं नाही. चेंडू म्हणजे मासा. आपण उभं राहायचं. तो येतो."

"आणि न्हाईच आला तर?" भुंड्यानं विचारलं.

"तर आपण अजून उभं राहायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भुंड्याची मान वळत नाही, डोलतही नाही. सरांनी ते बरोबर हेरलं आणि त्याला आघाडीच्या फळीतनं काढून पार मागं, आपल्या गोलापाशी राखणीला टाकलं.

साळिंदररावांनी वर बजावलं, "भुंड्या, हे तुझं शेवटचं वर्ष समज. डोह परत आला, तर संघातल्यांना चिखल मिळेल. तू संघात राहिलास तर तुला."

टिपकी भुंड्याजवळ येऊन पुटपुटली, "भाऊ, मला पळायला आणलंय का उभं राहायला?"

"बाई, मला विचारू नको. मी सध्या झाड हाय."

पहिला सामना झाला सशांशी. आपला संघ उभाच. चेंडू ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत ह्याच्याकडे. पुढं म्हणून जाईना. बघणाऱ्यांना डुलक्या लागल्या. अर्ध्या सशांनाही लागल्या. मागं भुंड्या कंटाळून जमीन उकरायला लागला, एखादा कंद मिळतोय का बघायला. तेवढ्यात एका जाग्या सशानं चेंडू जोरात हाणला. तो येऊन बसला भुंड्याच्या ढुंगणावर. डुकराचं ढुंगण ते, दगडासारखं. चेंडू तिथनं जो उडाला तो झोपलेल्या सशांवरनं जाऊन त्यांच्याच गोलात पडला.

भुंड्यानं विचारलं, "कोण मारलं रं मला?"

पण तिकडं काठावर टिटवीकाकू किंचाळत होत्या. टिटवीकाकूंना पायांचं फार कळतं, असं त्या स्वतःच सांगत. "पायगुण! बगळेसरांचा पायगुण! आले आणि गोल झाला!"

"पायगुण! पायगुण!" सगळं रान ओरडलं.

"आणि बघा तरी," टिटवीकाकू म्हणाल्या, "हे एका पायावर चाललंय. दुसरा टेकला तर काय होईल!"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांनी सरांच्या पोटाखाली पिसांत दडलेल्या त्या दुसऱ्या पायाकडे बघितलं. साळिंदररावांनी हात जोडले. सर काही बोलले नाहीत. न बोलण्यात त्यांचा हातखंडा होता.

दुसरा सामना तितरांशी झाला, आणि आपण हरलो. मग पायगुण कुणाचा? सरांचा कसा असेल, त्यांचा तर चांगला ठरला होता. मग टिपकीचा.

टिटवीकाकू म्हणाल्या, "मी बघितलं तेव्हाच म्हटलं. हिची चालच उथळ आहे."

नव्यानं आलेल्या बाईच्या पायाचं असंच असतं, पोरांनो. म्हैस आटली तरी तोच पाय, दूध उतू गेलं तरी तोच पाय. खोटं वाटत असेल तर घरात विचारा.

टिपकी गवताकडे तोंड करून उभी होती. भुंड्या तिच्याजवळ गेला. त्याला समजूत घालता येत नव्हती. त्यानं एक कंद उकरून तिच्यापुढं ढकलला.

"मी हे खात नाही, भाऊ," टिपकी म्हणाली.

"मला म्हाईत हाय. पण माझ्यापाशी हेच हाय."

टिपकी हसली.

मग आला वानरांशी सामना. गोल म्हणजे दोन जांभळीची झाडं. त्यांच्या मधे हुप्प्या वानर गोल राखायला लोंबकळत होता. डोहाकाठी वानरांनी वेलीचा दोर बांधला होता. दोराच्या अलीकडे, गोट्यांवर, सावळी पिल्लं घेऊन बसली होती.

आपला संघ उभा. वानरं आधी घाबरली, ह्यात काहीतरी डाव असेल म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं, की डाव हाच आहे. ती झाडावर बसून शेंगा खायला लागली. बरोबरी झाली तरी डोह त्यांचाच होता.

सूर्य टेकडीला टेकला. पंच होता सरडा. तो लाल व्हायला लागला होता. पुरता लाल झाला की खेळ संपायचा.

"सर!" साळिंदरराव काठावरनं ओरडले. "आता नाही तर कधी? टेका!"

"टेका! टेका!" टिटवीकाकूंनी सूर धरला. सगळा संघ ओरडायला लागला, "दुसरा पाय टेका, सर!"

बगळेसरांनी डोळे उघडले. मान उंच केली. पिसं जराशी हलली. आणि तो पाय हळूहळू खाली यायला लागला.

काय सांगू तुम्हाला! सगळं मैदान तिकडे बघायला लागलं. आपला संघ बघतोय, वानरं बघताहेत, सरडा लाल व्हायचा थांबला. हुप्प्यानं तर नीट दिसावं म्हणून गोल सोडला आणि वरच्या फांदीवर चढून बसला.

बघत नव्हते फक्त दोघं. टिपकी बघत नव्हती, कारण पायांबद्दल तिनं पुरेसं ऐकलं होतं. आणि भुंड्या बघत नव्हता, कारण त्याची मान वळत नाही. त्याच्या नाकासमोर होते ते गोटे, आणि त्या गोट्यांवर दोराखालनं चिखलाकडे मुस्काट लांबवणारं त्याचं धाकटं पिल्लू.

तो निघाला.

"भाऊ!" टिपकीनं हाक मारली. पायाखालचा चेंडू त्याच्या वाटेत सोडला. गोल जरा डावीकडे होता, हे तिच्या ध्यानात होतं. तिनं पळता पळता आपल्या खांद्यानं त्याला एक हलका धक्का दिला. भुंड्याची मान वळली नाही, पण सगळा भुंड्या वळला. तो, चेंडू आणि बरीचशी माती जांभळींच्या मधून गेली आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत घुसली.

नेमका तेव्हाच सरांचा पाय जमिनीला लागला.

"गोल!" सरडा ओरडला आणि लालेलाल झाला.

"टेकला!" टिटवीकाकू ओरडल्या. "पाय टेकला, गोल झाला! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

त्यांना तरी खोटं कसं म्हणायचं? त्यांनी तेच बघितलं होतं.

भुंड्या जाळीतनं बाहेर पडेपर्यंत ढोल वाजायला लागले होते आणि सरांच्या दुसऱ्या पायाला हार पडला होता. तसा तो दिसायला पहिल्यासारखाच होता. भुंड्या धापा टाकत साळिंदररावांपुढं उभा राहिला.

"सायब, चिखल..."

"हो, हो. डोह आला!" साळिंदरराव मायेनं म्हणाले. पाठ थोपटायला पुढं झाले, तसा भुंड्या मागं सरकला. "भुंड्या, मनाला लावून घेऊ नकोस. आता सरांचे दोन्ही पाय टेकलेत. पुढल्या वर्षी मैदानात फार कुणी लागायचं नाही. तू मोकळा."

"म्हंजे मी संघात न्हाई?"

"संघाच्या मनात आहेस."

मनात चिखल नसतो. भुंड्या वळला आणि सावळीकडे निघाला. तिला काय सांगायचं, ते काही त्याला सुचेना. त्यात जाळीत त्याच्या पुढच्या पायात करवंदीचा भला मोठा काटा रुतला होता. तो पाय उचलून, तीन पायांवर लंगडत चालला होता.

"अगं बाई!" टिटवीकाकूंनी चोच वासली. "ह्याचा पण एक पाय वर!"

सगळं रान वळलं. ढोल थांबले.

"भुंड्या," साळिंदररावांचा आवाज बदलला. "हा पाय कधीपासून वर आहे?"

"आत्ताच हो सायब. का..."

"ऐकलंत? आत्ताच! तिकडं सरांचा खाली आला, तसा इकडं ह्याचा वर गेला!"

"न्हाई हो, काटा..."

"आणि ह्याला तीन टेकलेले असून एक शिल्लक!" टिटवीकाकू थरथरल्या. "हा टेकला तर काय होईल, देवा!"

सगळ्यांनी बगळेसरांकडे बघितलं. सरांनी डोळे मिटले.

"मीच सांगितलं होतं त्याला," सर म्हणाले.

भुंड्याला तिथल्या तिथं उपमार्गदर्शक केलं. दोर तोडला. डोहाच्या उगवतीकडचा, जांभळीच्या सावलीतला, सगळ्यात मऊ चिखल त्याच्या घरच्यांना मिळाला.

टिपकीला कुणी काही म्हणालं नाही. ती एका उडीत मैदानाबाहेर पडली. पुढं सशांच्या संघात गेली म्हणे. ससे म्हणतात, काय पायगुण आहे पोरीचा!

मग दोघांची मिरवणूक निघाली. ती पिंपळापाशी पोचली, तेव्हा हद्दीच्या अलीकडे तात्या भेटले. गळ्यातला हार वाळून काडी झाला होता.

"आवं तात्या, अजून हितंच?" भुंड्या म्हणाला.

"निघालोय बाबा," तात्या म्हणाले. मग त्यांनी भुंड्याच्या पायाकडे बघितलं. "काटा वाटतं?"

"हळू बोला," भुंड्या म्हणाला.

संध्याकाळी पिल्लं चिखलात लोळून लोळून झोपली. त्यांच्या पाठी काळ्या, गार दिसत होत्या. सावळी भुंड्याजवळ सरकली. त्याचा पाय सुजला होता.

"आवं, द्या हिकडं," ती म्हणाली. "दातानं काढते. दोन घटकांत चालाय लागशिला."

भुंड्यानं पाय पुढं केला. पिल्लांकडे बघितलं. त्यासाठी सगळंच अंग वळवावं लागलं.

मग पाय परत मागं घेतला.

"नगं," तो म्हणाला. "राहू दे काटा."

तात्पर्य: पोरांनो, गोल जरूर करावा, त्याला कुणाची ना नाही. पण चारी पाय जमिनीवर ठेवून पळणाऱ्याला पायगुण नसतो. म्हणून एक पाय नेहमी वर ठेवावा. आणि तो का वर आहे, ते घरच्या माणसाशिवाय कुणाला सांगू नये.