निघोज्यातल्या कॉम्प्युटरचे पाच ‘का’

“चाकणपासून तळेगावपर्यंत असा दोष नाही, जो मला पाहून कबुली देत नाही,” असं आमच्या निघोज्याच्या कंपनीतले क्वालिटीचे हिंदुराव स्वतःबद्दल सांगतात. दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून त्यांना सांगावं लागतं. पाच वेळा ‘का’ विचारलं की गुन्हेगार सापडतो, ही कंपनीत शिकलेली पद्धत ते घरी भाजी खारट झाली तरी वापरतात. मी पद्मा. स्टोअर सांभाळते आणि त्यांची सहायक आहे. ही बढती त्यांनीच दिली, तोंडी.

त्या दिवशी चहा करणाऱ्या यशोदाबाई नातीला, दिव्याला, घेऊन ऑफिसात आल्या. पोरीचा आयटीआयला नंबर लागला होता. पाचच्या आत ऑनलाइन होकार दिला नाही, तर जागा दुसरीला. घरातला एकुलता फोन बापाबरोबर शिफ्टला, आमचे फोन कंपनीच्या नियमानं गेटवर जमा. राहिला ऑफिसचा कॉम्प्युटर.

मी पान उघडलं. लाल त्रिकोण : ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही.’

“हात लावू नका,” हिंदुराव म्हणाले. “आत हॅकर आहे.”

“का?” मी पद्धतीप्रमाणे विचारलं.

“दिव्याची जागा लाटायला.”

“पण बँकेचंही पान उघडत नाहीये.”

“मग टोळी आहे.”

टोळीला हुसकायला त्यांनी नेटची वायर काढली, फुंकली, परत लावली. मग शेजारच्या कंपनीच्या वायफायवर संशय घेऊन खिडकी लावली. दिव्या नखं खात होती. यशोदाबाई वेळ बघायला सारख्या स्क्रीनच्या कोपऱ्यापाशी वाकत होत्या.

“सायेब, टाइम बराबर हाय. वरीस मातर गेल्या सालचं हाय.”

समोरच्या साइटचं ओळखपत्र चालू आहे की नाही, हे कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून ठरवतो. आमचा बसला होता मागच्या वर्षात, त्याला आजचं सगळं जग खोटं वाटत होतं.

त्याला तिथं बसवलं कुणी? उद्या ऑडिट. मागच्या वर्षी न केलेल्या तपासण्यांची पत्रकं हिंदुरावांनी काल एका बैठकीत काढली होती. तारीख कॉम्प्युटरच छापतो, म्हणून आधी त्यालाच मागं ढकललं. सह्या माझ्या, वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात म्हणून तीन रंगांच्या पेनांनी. तेव्हा उरलेले ‘का’ मीही विचारले नाहीत.

मी साल बदललं. पान उघडलं. चार अठ्ठावन्नला पावती आली. दिव्यानं ती दोनदा वाचली.

“माझा पहिल्यापासून घड्याळावरच संशय होता,” हिंदुराव म्हणाले.

यशोदाबाईंनी कप गोळा केले.

“व्हय सायेब. पोरगी गेली पुढं. आता तुमी खुशाल मागं जावा.”