मौजे करंजसांगवीच्या शौचकूपाची मोहीम

कुलस्वामिनीचे स्मरण करून, आणि ग्रामपंचायतीचा रोष ओढवणार हे जाणोन, परगणे सेलू, जिल्हे परभणी येथील मौजे करंजसांगवीचा वृत्तांत यथामति लिहितो. थोरांनी गड घेतले, या गावाने शौचकूप घेतला. श्रम समान जाहले.

तपशील ऐसा जे, गावच्या शाळेत मुलींस आडोसा नव्हता. मुली आठवीस पोचत आणि दप्तर खुंटीस टांगून घरी बसत. मेंढपाळीण केवळाबाई यांची नात बबिता हीही दिवाळीपासून मेंढरांमागे फिरो लागली. तेव्हां शाळेच्या शिक्षिका राजमान्य सुमंगलाबाई यांस बहुत संताप आला, आणि एका दूरच्या बर्फाळ मुलखाची दिल्लीतील वकिलात गावोगावच्या छोट्या कामांस मदत देते ऐसे त्यांस मोबाइलवर कळले, मग त्यांनी चौदा पानी अर्ज भरून खलिता रवाना केला. उलट हुकूम आला की, मदत एकट्या इसमास नाही, नोंदलेल्या संस्थेसच मिळेल. गावात तैशी संस्था एकच, मेंढपाळ महिला मंडळ, आणि त्याच्या सरनौबत केवळाबाई.

बाई मेंढवाड्यात गेल्या आणि सही मागितली. केवळाबाईंनी लोकर कातरणे न थांबविता पुसले, "बबिता पुना शाळंत बसंल का?"

"तिच्यासाठीच तर करायलेय हे सगळं."

मग केवळाबाईंनी कातर खाली ठेवली आणि जिभेचा शेंडा दातांत धरून आयुष्यातील तिसरी सही केली.

ही खबर सरपंच व्यंकटराव यांस लागली. त्यांची मसलत निराळी. त्याच मदतीतून वेशीवर कमान उभारावी, तीवर आपले नाव अंमळ ठसठशीत कोरावे, आणि वकिलातीचा कारभारी पाहणीस येईल त्यास चहापाण्यानेच जिंकावे, ऐसा बेत ठरला.

मुक्रर दिवशी कारभारी साहेब देवगाव फाट्याहून जीपने शाळेत दाखल जाहले. व्यंकटरावांनी स्वागताची फैर झाडली: तीन पेले ताक, दोन कप चहा, एक शहाळे, आणि वर उसाचा रस. साहेब भिडस्त, सर्व प्याले. मग व्यंकटरावांनी कमानीचा नकाशा पसरून भाषण मांडले आणि ते चालतच राहिले. साहेब प्रथम खुर्चीत सरकले, मग उठले, मग या पायावरून त्या पायावर आले, आणि अखेर सुमंगलाबाईंच्या कानी इंग्रजीत काही पुसते जाहले. बाई संकोचून नकाशाकडे पाहू लागल्या.

"काय म्हनायलाय त्यो?" शेजारी बसलेल्या केवळाबाईंनी विचारले.

"संडास कुठंय, विचारायलेत."



"न्हाई म्हनावं," केवळाबाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीबी रोज पाच वाजंस्तोवर अशाच दम धरून बसत्यात. ह्यो एक तासात वाकडा झालाय."

बाईंनी शब्दशः तर्जुमा केला. व्यंकटरावांचे घर गाठणे प्राप्त जाहले, ते गावाच्या दुसऱ्या टोकास, आणि साहेबांनी कोणतीही सवारी न मागता ते अंतर बहुत त्वरेने काटले. परतले ते फर्मान घेऊनच: कमान नामंजूर, शौचकूप मंजूर, आणि कडी आतून असावी.

व्यंकटरावांनी दारांस आपल्या आवडीचा निळा रंग तरी लावावा म्हणोन अर्ज केला, तो कबूल जाहला. पावसाळ्याआधी दोन खोल्या उभ्या राहिल्या, पाणी आले, आणि जून महिन्यी बबिता नववीत बसली.

त्या दिवशी शाळेचा माठ मुलींनी दुपारच्या आतच रिता केला. आजवर तो संध्याकाळी निम्मा उरत असे, आणि पाणी गार नसावे ऐसे मास्तर लोक समजत होते. माठ दोनदा भरावा लागला. मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नोंदले असे.