बसलं का थांबते ते दुखणं

तांडापेठेतल्या ईश्वरदासांनी उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती, आणि हे ते ओळख नसलेल्या माणसालाही सांगत. "कोष्ट्याची छाती आहे गा. हिला काय होते?" माग सुटून बरीच वर्षं झाली होती. आता ते विणकर सोसायटीत बसून लुगडी तपासत, पण छातीचा डौल कायम होता.

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याच छातीत दुखू लागलं.

दुखण्याची रीतच न्यारी होती. नळावरून पाण्याने भरलेला गुंड, म्हणजे पितळेची मोठी घागर, खांद्यावर घेऊन जिन्यापाशी आले की छातीच्या मधोमध कोणी वरवंटा ठेवल्यासारखं व्हायचं, डावा हात जड पडायचा. गुंड ठेवून पायरीवर टेकले की जरा वेळात सगळं साफ. पुन्हा उचलला की पुन्हा वरवंटा.

"छातीत दुखून राहिलं वं," एकदा ते बायकोला, वच्छलाबाईंना म्हणाले.

"आता दुखून राहिलं?"

"आता नाही. बसलं का थांबते."

वच्छलाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "पाणी आणाचं म्हटलं का दुखते, बसलं का थांबते. असं दुखणं मले काहून नाही होत जी?"

ईश्वरदासांना स्वतःचाच संशय येऊ लागला. पण त्यांचे वडील धोंडबा असेच छाती चोळत चोळत एका दुपारी मागावरच गेले होते. ती दुपार हल्ली त्यांना वारंवार आठवे. शेवटी ते दवाखान्यात निघाले. नवऱ्याचं ढोंग उघडं पडताना आपण हजर असावं म्हणून वच्छलाबाईही निघाल्या.

डॉक्टर अरुंधतीबाईंनी तपासलं, कार्डिओग्राम काढला. पट्टी अगदी निर्दोष निघाली.

"यात काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. वच्छलाबाईंनी समाधानाने पदर सारखा केला. "पण दुखत नसताना काढलेल्या पट्टीत बरेचदा दिसतच नाही. बाहेर बसा, थोड्या वेळाने पुन्हा बघू."

बाहेरच्या बाकावर ईश्वरदासांना कळलं की पुरावा हवा असेल तर तो आपणच आणला पाहिजे. ते उठले आणि समोरचा जिना चढू लागले.

"कुठं चालले जी?" वच्छलाबाई मागे धावल्या.

"दुखणं आणाले."

पहिला मजला गेला, दुखणं नाही. दुसरा गेला, तरी नाही. रोज न बोलावता येणारं दुखणं आज जावयासारखं रुसलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी मात्र वरवंटा आला. ईश्वरदासांना इतका आनंद झाला की कठडा धरून ते ओरडले, "आली! कळ आली!"

तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता.

नर्स सुमती दोन आया आणि स्ट्रेचर घेऊन बाहेर आली. तिला दिसला कठड्याला धरून उभा असलेला एक वाळका माणूस, आणि त्याच्या पायाशी, पायरीवर बसून कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी एक भरल्या अंगाची बाई.

"कळा कधीपासून?"

"महिना झाला. रोज येते," ईश्वरदास प्रामाणिकपणे म्हणाले. "बसलं का थांबते."

"आधी कधी दवाखान्यात दाखवलं होतं?"

"आजच. पहिलीच खेप."

"या वयात पहिलीच," सुमती पुटपुटली. आयांनी वच्छलाबाईंना उचललं.

"मले काहून नेऊन राहिल्या वं? दुखणं तेयचं आहे!"

"सगळ्याजणी असंच म्हणतात, मावशी," सुमती म्हणाली, आणि स्ट्रेचर आत गेलं.

गलका ऐकून अरुंधतीबाई वर आल्या, तोवर ईश्वरदास पायरीवर बसले होते आणि दुखणं निघून गेलं होतं. त्यांचा चेहरा रडवेला झाला. "आत्ता होती मॅडम. तुमच्या येण्याआधी गेली. आता बायको मले ढोंगीच म्हणन."

डॉक्टर त्यांच्याशेजारी पायरीवरच टेकल्या. "चढलं की येते, बसलं की जाते. हाच तर रोग आहे. तुमच्या हृदयाला कष्टाच्या वेळी रक्त पुरत नाही. पण पुन्हा असं मुद्दाम आणायला जाऊ नका. एखाद्या वेळी ती आली, तर परत जाणार नाही."

ईश्वरदासांनी छातीवरून हात फिरवला. "माह्या बापाले बी असंच होतं."

"असेल. त्यांच्याजवळ ही गोळी नव्हती." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. दुखलं की बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. दुसरी गोळी रोजची. बिडी बंद, गुंड बंद, सपाट रस्त्यावर चालणं मात्र रोज.

तेवढ्यात सुमती खाली मान घालून आली. मावशींना बाळ नव्हतं, पण रक्तदाब भलताच चढलेला होता. तो उतरेपर्यंत त्यांना ठेवून घ्यावं लागणार होतं, आणि दुसरीकडे खाट रिकामी नसल्यानं तिथेच.

ईश्वरदास एकटेच घरी परतले. आता तांडापेठेला सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही होतं. अस्सल, डॉक्टरांनी मानलेलं हृदयाचं दुखणं. संध्याकाळी शेजारच्या मैनाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. वच्छलाबाई कुठल्या वॉर्डात आहेत, ही बातमी आधीच येऊन पोचली होती.

ईश्वरदासांनी त्यांना बसवलं आणि छाती, वरवंटा, रक्ताच्या नळ्या, जिभेखालची गोळी असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मैनाबाईंनी मन लावून ऐकून घेतलं.

"जपा जी जिवाले," त्या म्हणाल्या. "आता हे सांगा, पोरगा झाला का पोरगी?"