अठ्ठावीस राखाडी ससे

काच निखळलेलं भिंग.

अर्धं कुरतडलेलं गाजर.

सही व्हायची बाकी असलेलं एक पत्र.

आणि मी: ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगार कबुली देतात असा गुप्तहेर. (अजून एकानेही दिलेली नाही.)

पत्र माझ्या मेहुण्याच्या टेबलावर होतं. मेहुणा प्रयोगशाळेचा प्रमुख. सशांची देखभाल करणाऱ्या मावशींना चोरीबद्दल कामावरून काढतोय, असा मजकूर. मावशी समोरच उभ्या होत्या.

“भावोजी, नीट ऐका,” मेहुणा म्हणाला. “प्रत्येक सशात रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती. दोन्ही काळ्या तर ससा काळा, दोन्ही पांढऱ्या तर पांढरा, एकेक असेल तर राखाडी. आज मोजले. काळे पन्नास, राखाडी वीस, पांढरे तीस. म्हणजे दोनशे प्रतींपैकी एकशेवीस काळ्या, ऐंशी पांढऱ्या. साठ टक्के आणि चाळीस टक्के.”

“बरं.”

“सगळे मिसळून राहत असतील, तर राखाडी किती हवेत? साठ टक्क्यांचे चाळीस टक्के, त्याची दुप्पट. शंभरात अठ्ठेचाळीस. आहेत वीस!”

“अठ्ठावीस गायब!” भिंगातून बोट आरपार काढून मी मावशींवर रोखलं.

“अहो, काल शंभर होते, आजही शंभर आहेत.”

“हीच तर हुशारी! राखाडी पळवले, त्या जागी दुसरे ठेवले.”

“म्हणजे चोरी करायला मी पदरचे ससे घातले?”

ही बाजू मी तपासली नव्हती. मग एका पांढऱ्या सशाला ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं. वर चुना असणार, आत राखाडी. चुना नव्हता. ससा चावला, ‘संशयिताचा प्रतिकार’ अशी मी नोंद केली.

मेहुण्याने पेनाचं टोपण काढलं.

“सही करा साहेब,” मावशी म्हणाल्या, “पण मिसळतील कुठून ते? या खोलीत जवळजवळ सगळे काळे, पलीकडे बहुतेक पांढरे. मधल्या दारासमोर कपाट आहे.”

“कोणी ठेवलं?” मी गरजलो.

“साहेबांनीच. दोन वर्षं झाली. फायली मावत नव्हत्या.”

मेहुण्याने टोपण परत लावलं. “म्हणजे राखाडी चोरीला गेले नाहीत. जन्मलेच नाहीत.”

“माझा पहिल्यापासून तोच संशय होता,” मी म्हणालो.

“मग तिकडून धरा,” मावशींनी कपाटाला हात घातला.

मावशी इथे कामाला लागल्या तेव्हा ससे सात होते; शंभर झाले ते त्यांच्याच देखभालीत.